बाय हाय का बाप्या?

वेल हा शब्द मराठीत मोठा गमतीचा आहे. तो वेल म्हणा, ती वेल म्हणा, मराठीच्या बाई वहीत लाल रेघ मारत नाहीत. दोन्ही बरोबर. पण आमच्या गॅलरीत एक वेल आहे, त्याच्या बाबतीत ‘तो’ की ‘ती’ हे ठरवायला आम्हाला अख्खा पावसाळा आणि एक टॉर्च लागला.

सुरुवात झाली कर्जत स्टेशनबाहेर. जुलैचा महिना होता. पावसाळ्यात तिथे आसपासच्या वाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. सागाच्या पानावर टाकळ्याचे, फोडशीचे वाटे लावलेले असतात. त्यातच एका वाट्यात हिरवीगार, लिंबाएवढी, अंगभर मऊ काटे असलेली फळं होती. माझी भाची तेव्हा तिसरीत. ती खाली बसली आणि म्हणाली, “आत्या, ही कारल्याची पिल्लं का गं?”

भाजीवाल्या मावशी खो खो हसल्या. “पिल्लं नाय गं बाय, करटोली हायेत!”

तुम्हीही खाल्ली असतील, कदाचित वेगळ्या नावाने. विदर्भात काटवलं म्हणतात, मराठवाड्यात करटुली, कुठे कंटोली, आणि गोव्यात फागलां. कारल्याची ही अगदी सख्खी चुलत भावंडं. पण स्वभाव उलटा. कारलं दिसतं तसं वागतं, करटोलं नुसतं घाबरवतं. काट्यांवरून बोट फिरवून बघा, जुन्या टूथब्रशइतकेही टोचत नाहीत. आणि कडूपणा? जवळजवळ नाहीच.

भाचीने त्या दिवशी घरी भाजी दोनदा मागून घेतली आणि मग जाहीर केलं, “आपण हे गॅलरीत लावायचं.”

मी म्हटलं, बी पेरू. पण करटोल्याचं बी आळशी असतं. कवच टणक, आणि आतला कोंब महिनोन् महिने झोपलेला. लवकर हवं असेल तर कंद लावायचा. म्हणून पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्याच मावशींकडे. आता त्यांच्यापुढे करवंदांची टोपली होती. आम्ही कंदाचं विचारलं, तर चार दिवसांनी त्यांनी पदराच्या टोकातून एक काढून दिला. मातीने माखलेला, वेडावाकडा, रताळं आणि सलगम यांचं भांडण झाल्यासारखा दिसणारा. स्वतःच्या बांधावरचा होता. (हे मुद्दाम सांगते. रानात जाऊन कंद उपटून आणायचा नाही. फळ तोडलं तर वेल राहतो, कंद काढला की त्या जागेवरचा वेल संपला.)

“पण मावशी, फळं कधी येतील?” भाचीने विचारलं.

त्या म्हणाल्या, “आधी फूल तर येऊ दे. बाय हाय का बाप्या, ते फुलावरच कळतं.”

आम्ही दोघींनी मान डोलावली. कळलं कुणालाच नव्हतं.

पंधरा इंची ग्रो बॅग घेतली, माती आणि शेणखत भरलं, कंदाचा डोळा वर ठेवून दोन बोटं खोल पुरला. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात एक लालसर-हिरवा कोंब वर आला. आठ दिवस तो फार सभ्य होता. नंतर त्याचं डोकं फिरलं. काठी संपली, मग तो गॅलरीच्या गजांवर गेला. गज संपले, मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर. एक दिवस बाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सदऱ्याची बाही धरून बसला होता! सदरा ओढला तर वेल तुटेल, म्हणून बाबा ती बाही कात्रीने सोडवत होते. सोडवताना त्यांनीच आम्हाला हाक मारली: “अरे, हे काय आहे बघा. याला स्प्रिंग बसवलीय!”

खरंच स्प्रिंग होती. वेलाच्या प्रत्येक पानाजवळून हिरवा, दोऱ्यासारखा एक धागा निघतो. त्याला तणावा म्हणतात. पुस्तकात ‘प्रतान’ असं भारदस्त नाव असतं. तो हवेत हळूहळू गोल फिरत असतो, डोळे बांधलेला आंधळ्या कोशिंबिरीतला गडी हात फिरवतो ना, अगदी तसा. काही हाताला लागलं, काठी, दोरी, सदऱ्याची बाही, की तो वळायला लागतो. स्पर्श झाला त्याच्या उलट बाजूने तो जास्त वाढतो, त्यामुळे वाकतो, आणि वाकत वाकत वेढे घालतो. एकदा टोक घट्ट बसलं की मधला मोकळा धागा स्वतःभोवती पिळत जातो आणि त्याची स्प्रिंग होते. स्प्रिंग झाली की धागा आखडतो, आणि वेल आधाराकडे ओढला जातो. दोर टाकून स्वतःला वर खेचणारा गिर्यारोहकच की!

या तणाव्यांनी एका मोठ्या माणसाला वेड लावलं होतं. चार्ल्स डार्विन. होय, तेच, लांब पांढऱ्या दाढीवाले. 1858 मध्ये आसा ग्रे नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी करटोल्याच्याच भोपळा कुळातल्या काही वेलांच्या तणाव्यांबद्दल एक छोटासा लेख लिहिला. ग्रेंनी डार्विनना बिया पाठवल्या. त्यांनी त्या इंग्लंडमध्ये घरी लावल्या आणि ते तासन् तास बघत बसले. मग एकामागून एक इतर वेल बघितले. 1865 मध्ये त्यावर त्यांचा एवढा लांबलचक लेख आला, की 1875 मध्ये त्याचं चक्क पुस्तक झालं. एकाहून अधिक वेळा, वादळ सुटलेलं असताना ते मुद्दाम बाहेर पडून कुंपणावरचा याच कुळातला एक वेल बघायला गेले. त्यांना दिसलं, की वाऱ्याने वेल सैरभैर होतो, पण तुटत नाही. स्प्रिंगा ताणल्या जातात, परत आखडतात. त्यांनी त्याला वादळात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाची उपमा दिली. आमच्याकडे जुलैच्या वाऱ्यात दोरीवरचे चिमटे उडून गेले, दोन टॉवेल खालच्यांच्या छपरावर गेले, आणि करटोल्याचा वेल जिथल्या तिथे.

आणखी एक. तणाव्याला दोऱ्याने हळूच गुदगुल्या केल्या तरी तो वळतो. मग दिवसभर त्याच्यावर पावसाचे टपोरे थेंब पडतात, तेव्हा का नाही वळत? डार्विननी याचीही परीक्षा घेतली होती. थेंबाला तणावा फसत नाही! धरता येईल अशी वस्तू आणि नुसतं पाणी यांतला फरक त्याला समजतो. मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि तरी.

आता एक प्रयोग. वाढदिवसाच्या भेटवस्तूला बांधतात ती चकचकीत, कुरळी रिबीन घ्या. दोन्ही टोकं दोन हातांत पकडून ती पूर्ण ताणा आणि तिचा पीळ सोडवून सपाट करा. आता टोकं चिमटीत फिरू न देता हात हळूहळू जवळ आणा. रिबीन पुन्हा कुरळी होईल, पण नीट बघा. अर्धी एका दिशेला वळलेली असेल, अर्धी उलट दिशेला, आणि मधे एक छोटासा सरळ तुकडा. करटोल्याच्या तणाव्यातही हेच दिसतं. आम्ही भिंग घेऊन एकवीस तणावे तपासले. प्रत्येकात स्प्रिंग मधेच कुठेतरी दिशा बदलत होती. का? कारण एक टोक काठीला बांधलेलं, दुसरं वेलाला चिकटलेलं. सगळे वेढे एकाच दिशेने घ्यायचे तर एक टोक गरगर फिरवायला लागेल, आणि दोन्ही टोकं तर अडकलेली! मग काय, जितके वेढे उजवीकडे तितके डावीकडे. हिशेब शून्य. 2012 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात काकडीचे तणावे घेऊन ही स्प्रिंग आतून कशी काम करते ते शोधलं गेलं. त्या गटाचे प्रमुख होते एल. महादेवन, आपल्या मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. तणाव्याच्या आत चिवट पेशींची एक बारीक पट्टी असते. तिच्या दोन थरांपैकी एक जास्त आखडतो, म्हणून तणावा पिळतो.

बाबांचा सदरा अजून आहे. बाहीवरची ती स्प्रिंग भाचीने चिकटपट्टीने वहीत लावलीय.

तर, ऑगस्ट आला. वेलावर फुलंच फुलं. पिवळी, पाच पाकळ्यांची, नाजूक. रोज संध्याकाळी उमलायची आणि सकाळी मान टाकून खाली. भाची रोज सकाळी ती वेचायची आणि रोज विचारायची, “करटोलं कुठाय?” पंधरा दिवस झाले, महिना झाला. एकही करटोलं नाही. आमच्या सोसायटीत बागकाम करणाऱ्या काकांनी वर येऊन बघितलं आणि निकाल दिला, “वांझ करटोली आहे ही. उपटून टाका, उगाच कुंडी अडलीय.”

भाचीचा चेहरा पडला. मी थोडी चिडले. एवढे दिवस पाणी घातलं होतं, शेणखत घातलं होतं!

तेव्हा मदतीला आला शेजाऱ्यांचा भोपळा. त्यांच्या गच्चीवर लाल भोपळ्याचा वेल आहे. भोपळ्याचं फूल तुम्ही जवळून बघितलंय का? काही फुलं नुसत्या लांब देठावर उभी असतात. काहींच्या पाकळ्यांखाली मात्र एक छोटा, गोल, हिरवा गोळा असतो, जणू बाहुलीच्या घरातला भोपळा. गोळा नसलेलं ते नरफूल, त्यात पराग असतात. गोळा असलेलं ते मादीफूल. नरफुलातले पराग मादीफुलाच्या मधल्या टोकावर पोचले, की तो गोळा फुगतो आणि भोपळा होतो. भोपळा, काकडी, कारलं, दोडका यांच्या एकाच वेलावर ही दोन्ही प्रकारची फुलं येतात. आई-बाबा एकाच घरात.

मग करटोल्याचं काय? त्या रात्री साडेसातला आम्ही दिवा बंद केला आणि टॉर्च घेतला.

फुलं नुकतीच उमलत होती. नाक जवळ नेलं तर मंद, ओळख न पटणारा वास. भाचीने एक कळी उजेडात धरली. “आत्या, हिने टोपडं घातलंय!” खरंच, कळीला एका हिरव्या, गोलसर पानाने दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं होतं. थंडीत बाळाला टोपडं बांधतात तसं. फूल उमलताना त्या टोपड्यातून बाहेर येतं. मग तिने फुलामागे बघितलं. देठ. नुसता देठ. गोळा नाही. दुसरं फूल, तिसरं, दहावं. चव्वेचाळीस फुलं मोजली. चव्वेचाळीस टोपडी, एकही गोळा नाही.

“आत्या,” ती एकदम कुजबुजली, “हा सगळाच्या सगळा बाबा आहे!”

आणि मला मावशींचं वाक्य आठवलं. बाय हाय का बाप्या!

करटोल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी असते. पपईत असतात ना, तसं. रॉक्सबर्ग नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलकात्याच्या बागेचे प्रमुख होते. त्यांनी या वेलाला जे शास्त्रीय नाव दिलं, ते 1805 मध्ये छापून आलं: मोमोर्डिका डायोइका. डायोइका म्हणजे दोन घरं असलेली. आई एका घरात, बाबा दुसऱ्या. आणि मोमोर्डिका? लॅटिनमध्ये चावण्याचा जो शब्द आहे त्यावरून. या कुटुंबातल्या बियांच्या कडा कुणी कुरतडल्यासारख्या दिसतात.

आपल्या जुन्या वैद्यांनीही हा वेल बारकाईने बघितला होता. कधीच न फळणारा एक वेल असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला वंध्या कर्कोटकी म्हटलं. वंध्या, म्हणजे वांझ. बागकामवाले काका म्हणाले तेच नाव, शेकडो वर्षांचं! गंमत कळली का? तो वेल फळत नाही, कारण तो नर आहे. आणि आपण त्याला बाईचं नाव देऊन वर वांझ म्हणून हिणवलं. मला तर वाटतं या वेलाची आपण एकदा माफी मागायला हवी. रानात त्याच्यावाचून एकही करटोलं धरत नाही. शेतात करटोली लावणारे साधारण दहा मादी वेलींमागे एक नर वेल मुद्दाम ठेवतात. उपटला तर सगळा मांडव रिकामा.

नोव्हेंबरात वेल पिवळा पडला, वाळला, काड्या झाल्या. मी वेंधळी. मला वाटलं मेला. कुंडी मोकळी झाली म्हणून त्यात कोथिंबीर पेरली. ती आली, खाल्ली, मग कुंडी कोरडीच पडून राहिली. जूनमध्ये पाऊस पडला आणि कोरड्या मातीतून तोच लालसर-हिरवा कोंब! कंद खाली गुपचूप झोपला होता. करटोली अशीच जगते. उन्हाळाभर जमिनीखाली घोरत पडते आणि आभाळ गडगडलं की उठते. म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात तिला पाणी द्यायचं नाही, नाहीतर कंद सडतो. आमचा वाचला हे नशीब.

त्याआधी मे महिन्यात आम्ही कर्जतला जाऊन आलो होतो. मावशींनी बघताच ओळखलं. “बाप्या निघाला ना?” मग त्यांनी गुपित सांगितलं. वेल वाळल्यावर कंदाकडे बघून काही कळत नाही. म्हणून त्या पावसाळ्यातच, फळं असताना, मादी वेलीशेजारी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधून ठेवतात. चिंधीखालचा एक कंद आम्हाला मिळाला. या वेळी खात्रीचा.

दोन कुंड्या, दोन वेल, एक दोरी. ऑगस्टमध्ये दुसऱ्या वेलीवर फुलं आली, आणि पाकळ्यांखाली काय होतं माहितेय? मुगाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, काटेरी, हिरवा गोळा. काट्यांसकट! एवढंसं करटोलं, फूल डोक्यावर घेऊन उभं. टोपडं मात्र नाही. इथे ते पान अगदी चिमुकलं असतं, आणि तेही देठाच्या खालच्या बाजूला.

पण चार दिवसांत ते गोळे पिवळे पडून गळायला लागले. रानात संध्याकाळी पतंग येतात, हो, दिव्याभोवती फिरतात तेच. अंधारात फिकट फुलं आणि वास शोधत ते एका वेलावरून दुसऱ्या वेलीवर जातात आणि पराग पोचवतात. आमच्या चौथ्या मजल्यावर पतंग कुठले? मग ते काम भाचीने घेतलं. शेतकरीही करतात हे. संध्याकाळी ताजं नरफूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या हळूच काढायच्या, आणि मधला पिवळ्या परागांचा भाग मादीफुलाच्या मधोमध अलगद टेकवायचा. रोज साडेसात वाजता गृहपाठ टाकून ती गॅलरीत. एका नरफुलात तीन-चार मादीफुलांचं काम होतं. तिसऱ्या दिवशी पहिला गोळा टवटवीत दिसला. आठव्या दिवशी सुपारीएवढा. दोन आठवड्यांत भाजीजोगं करटोलं तयार.

शास्त्रज्ञांनी तर याहून मोठी चलाखी केलीय. मादी वेलीवर चांदीच्या एका क्षाराचं अगदी विरळ पाणी फवारलं, की तिच्यावर चक्क पराग असलेली फुलं येतात! झाडांत इथिलीन नावाचा एक वायू तयार होतो, या कुळातल्या अनेक वेलांत तो मादीफुलं येण्याला मदत करतो. चांदी त्याचा निरोप मधेच अडवते. हा मात्र प्रयोगशाळेतला खेळ, घरी करायचा नाही.

त्या मोसमात आम्हाला एकूण सतरा करटोली मिळाली. बाजारात तेवढ्याचा एक वाटा होतो, पण आम्ही ती तीन वेळा पुरवून खाल्ली. उभ्या चकत्या करायच्या, बिया कोवळ्या असतील तर राहू द्यायच्या, निबर असतील तर काढायच्या. फोडणीत लसूण, हिरवी मिरची, कांदा, मग करटोली. झाकण ठेवायचं नाही असं माझी आई म्हणते, आणि वरून ओलं खोबरं. एकदा गोव्याच्या शेजारणीने चकत्यांना तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर परतल्या. त्या ताटापर्यंत पोचल्याच नाहीत. (रानातलं अनोळखी फळ मात्र असं उचलून तोंडात टाकायचं नाही. याच कुळात कवंडळासारखी कडूजहर फळंही असतात.)

एक करटोलं आम्ही मुद्दाम वेलीवर ठेवलं. ते पिवळं झालं, मग केशरी. आत लालभडक गर आणि त्यात काळपट बिया. एका बुलबुलाने सकाळी सकाळी त्यावर डल्ला मारला, पण तीन बिया खाली पडलेल्या सापडल्या. त्या आम्ही तिसऱ्या कुंडीत पेरल्या आणि विसरून गेलो. या जूनमध्ये त्यातली एक उगवलीय. दोनच पानं आहेत, तणावासुद्धा फुटलेला नाही.

भाचीने तिन्ही कुंड्यांवर खडूने लिहून ठेवलंय. पहिलीवर ‘बाबा’. दुसरीवर ‘आई’. तिसरीवर नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह आहे, आणि शेजारी टॉर्च ठेवलाय.